खरा बायोडेटा करून मिळेल

चाकणला नोकरीसाठी उतरलेल्या माणसाला आधी कॉट लागते, मग डबा लागतो आणि मग बायोडेटा. कॉट आणि डबा कुठंही मिळायचा. बायोडेट्याची मात्र आमच्या गल्लीत दोनच दुकानं होती, भिंतीला भिंत लावून. एकावर भला मोठा फ्लेक्स: 'पाच मिनिटांत बायोडेटा, अनुभवासह'. दुसऱ्यावर पत्र्याची जुनी पाटी: 'येथे बायोडेटा करून मिळेल'. त्या पाटीवर 'बायोडेटा'च्या डोक्यावर कुणीतरी लाल ऑइलपेंटनं, हातानं, वाकडातिकडा 'खरा' एवढा शब्द घुसवला होता. पहिल्या दुकानात रांग असायची. दुसऱ्या दुकानात काका असायचे.

काका म्हणजे आमच्यापैकी कुणाचेच काका नव्हते तसे. पायजम्यात इन केलेला शर्ट, चष्म्याच्या एका काडीऐवजी रबर, आणि समोरच्याकडं बघायची अशी तऱ्हा की आपण काहीतरी लपवतोय असं आपल्यालाच वाटावं. माणूस गावचाच, अस्सल. वडिलोपार्जित बारा एकर कंपन्यांनी घेतली तेव्हा धाकट्या भावानं तीन मजली बिल्डिंग बांधली, पांढरी गाडी घेतली, गळ्यात साखळी घातली आणि चौकात स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावायला सुरुवात केली. काकांनी बिल्डिंगखालचं एक शटर मागून घेतलं. त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक डुगडुगती खुर्ची ठेवली. नोकर नाही, भागीदार नाही. मालक, टायपिस्ट, शिपाई सगळं एकटेच.

त्याआधी बारा वर्षं ते खेडच्या कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे. कुणी त्यांना विचारलं की काका, हे खरेपणाचं खूळ कुठून शिरलं डोक्यात, तर म्हणायचे, "बारा वर्सं 'सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की' छापलं आन त्याच्या खाली निसतं खोटं छापलं. आता माजं मन भरलं. आता आमी मनाला पटंल तेच छापतो."

आता मनाला पटेल तेच छापायचं, हा धंदा चाकणमध्ये! जिथं फिटर म्हणून आलेला पोरगा दुपारी वेल्डर होतो आणि संध्याकाळी फोर्कलिफ्ट चालवतो, तिथं. पण माणूस हटायचा नाही. वेल्डर म्हणवणारा कुणी आला की काका त्याला उजेडात उभा करायचे आणि पुढून मागून त्याचा शर्ट बघायचे. "वेल्डर म्हनतोस आन शर्टाला एक भोक न्हाई? ठिणग्या काय तुला लाजत्यात व्हय?" की संपलं. पोरगा 'हेल्पर' होऊन बाहेर पडायचा, नाहीतर शिव्या देत शेजारच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. शेजारी पाच मिनिटांत तो पुन्हा वेल्डर व्हायचा, तोही तीन वर्षांच्या अनुभवासह.

छंदाच्या रकान्यात सगळी पोरं वाचन, संगीत आणि क्रिकेट लिहायची. काका विचारायचे, "वाचन? शेवटचं काय वाचलंस?" माझ्या रूमवरचा एक नांदेडचा गडी होता, त्याला ऐनवेळी काही सुचेना. म्हणाला, "काका, येताना बसची पाटी वाचली." काकांनी शांतपणे टाइप केलं, 'छंद: बसच्या पाट्या वाचणे'. गड्यानं तो कागद तसाच कंपनीत दिला. त्याला वाहतूक विभागात घेतलं हो! आता यात काकांचं कर्तृत्व किती आणि साहेबाचा विनोद किती, देव जाणे. पण काका ती गोष्ट वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होते, आणि ज्या अकरा जणांना त्यांच्या कागदामुळं हाकललं होतं त्यांच्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. खरेपणाच्या बाबतीत काकांचाही हिशोब जरा सोयीचाच होता.

बायोडेट्याच्या सुरुवातीला एक इंग्रजी परिच्छेद टाकायची तेव्हा पद्धत होती, अजूनही आहे. आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा वापर करून संस्थेच्या उत्कर्षास हातभार वगैरे. काका म्हणायचे, "हेचा अर्थ सांग, मग छापतो." आजवर एकालाही सांगता आला नाही. मग ते त्या जागी स्वतःच्या मनानं मराठीत लिहायचे, 'मला काम पाहिजे. घरी वाट बघत आहेत.' मी आज एचआरमध्ये आहे, असे हजारो परिच्छेद डोळ्यांखालून घातलेत. त्या इंग्रजीचा अर्थ मलाही सांगता येणार नाही, पण ते नसलं की अर्ज अपुरा वाटतो.

आणि सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा तो शेवटचा रकाना. 'न जमणाऱ्या गोष्टी'. हा रकाना भरल्याशिवाय काका प्रिंटचं बटण दाबायचे नाहीत. "जमनाऱ्या गोष्टी समदेच सांगत्यात," म्हणायचे, "न जमनारं सांगंल त्यो मानूस. कंपनीला बी कळू दे, काय घ्यायलीय ते." पोरं हातापाया पडायची. काका, एवढा रकाना काढा ना. काका खुर्चीत मागं रेलून आढ्याकडं बघत बसायचे. शेवटी पोरगं वैतागून काहीतरी बोलायचंच: उंचावर चढता येत नाही, साहेबासमोर बोबडी वळते, बुधवारी उपास असतो. काका ते जसंच्या तसं टाइप करायचे, एक अक्षर इकडंतिकडं न करता.

आता माझी गोष्ट. ती सांगायची नसती तर काकांचीही सांगायची गरज नव्हती.

मी परभणी जिल्ह्यातला. आयटीआय करून आलो, मशिनिस्ट. एका खोलीत सहा जण राहायचो. जिथं जाईन तिथं एकच प्रश्न, "अनुभव किती?" नाही म्हटलं की, "कळवतो." दोन महिने असे कळवण्यात गेले. तिकडं वडिलांचा हात मळणीयंत्रात जाऊन कायमचा निकामी झालेला, घरात कमावणारा मी एकटा, आणि आई फोनवर रोज विचारायची, "लागलास का रे बाळा?" एके दिवशी मला नाही म्हणवेना. "लागलो," म्हणालो. आईनं त्याच दिवशी गावभर पेढे वाटले.

त्यानंतर महिन्यानं एका कंपनीत मुलाखत ठरली. शुक्रवारी सकाळी. कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारानं सांगितलं होतं, एका वर्षाचा सीएनसी मशीनचा अनुभव कागदावर दिसला पाहिजे, पुढचं मी बघतो. मी गुरुवारी दुपारी गल्लीत आलो तर पाच मिनिटवाल्याचं शटर बंद! गुरुवार म्हणजे आमच्याकडं एमआयडीसीची सुट्टी, त्यानं दुकानालाही सुट्टी दिली होती. काकांचं उघडं. ते मुद्दाम गुरुवारी उघडं ठेवायचे. पोरांना सुट्टी त्याच दिवशी असते, मग दुकान बंद ठेवून काय वाती वळायच्या, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसलो.

"जेवलास का?" हा काकांचा पहिला प्रश्न असायचा. रकाना नव्हता त्याला, तरी विचारायचे.

"जेवलो," म्हणालो. जेवलो नव्हतो.

"अनुभव?"

"एक वर्ष. सीएनसी."

काकांनी माझा हात ओढून तळवा उलटा केला, बोटं दाबून पाहिली. "कुठल्या कंपनीत?"

मी ठेकेदारानं पढवलेलं नाव सांगितलं.

"कंपनीचं तोंड कुनीकडं हाय? गेटातनं आत गेलं की डाव्या हाताला काय?"

मला घाम फुटला. काकांनी कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. "जा लेका. शेजारचा उद्या उघडंल."

"उद्या सकाळीच मुलाखत आहे काका."

"मग न्हाई जमायचं. आमी खोटं छापत न्हाई. पाटीवर लिवलंय, वाचून आलास न्हवं?"

"काका, घरी सांगितलंय," म्हणालो, आणि मग मला आवरेना. सगळं सांगितलं. वडिलांचा हात, आईचे पेढे, रोजचा फोन. रडलोच मी, त्या खुर्चीत, खुर्ची डुगडुग करत होती. काकांनी मला उगी केलं नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

"आईला कवा सांगितलंस?"

"महिना झाला."

"म्हंजे त्या माऊलीच्या हिशेबानं तुला एक म्हैना झाला कामाला." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कळफलक पुढं ओढला. "त्यो रकाना भर. न जमनारं काय?"

मला वाटलं ही परीक्षा आहे. घाईघाईनं म्हणालो, "काही नाही काका. मला सगळं जमतं."

काका माझ्याकडं बघून हसले, म्हणजे ओठ हलले एवढंच. "मग ऱ्हाऊ दे. कोराच सोडू." आणि त्यांनी टाइप केलं. अनुभव: एक वर्ष, सीएनसी. बोटं अशी सावकाश पडत होती की मला वाटलं, आत्ता थांबतील. दोन प्रती काढल्या. एक मला दिली, दुसरी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ऐक. वर्सभर नेटानं काम कर. वर्स झालं की इथं यायचं. हे फाडून टाकू, नवा छापू, खरा. तवा तुजा अनुभव बी खरा असंल आन मी बी जरा नीट झोपंन. येशील का?"

"येतो काका. आईशप्पथ येतो."

नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात सीएनसीवर मी टूल असं घुसवलं की मशीनचा आवाज ऐकून शेजारच्या लाइनीवरची माणसं धावत आली. "मटेरियल हार्ड होतं साहेब," म्हणालो. हे वाक्य मी एका जुन्या ऑपरेटरकडून आदल्याच दिवशी शिकलो होतो, अनुभव म्हणतात तो असा येतो. हळूहळू काम शिकलो. वर्ष झालं. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन निघालो, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. काकांसमोर कुणीतरी पोरगा बसला होता आणि काका त्याचा शर्ट बघत होते. म्हटलं, आता नको, गर्दी आहे. एका माणसाची गर्दी! परत आलो, पेढे रूमवर वाटले.

मग पुढचा गुरुवार, मग त्याच्या पुढचा. मग मी पर्मनंट झालो, आणि पर्मनंट होताना तोच कागद माझ्या फाइलमध्ये लागला. आता तो बदलायचा म्हणजे लग्न ठरलेलं असताना पत्रिका बदलण्यासारखं. मग सुपरवायझर झालो. मग पत्राद्वारे शिकून एचआरमध्ये आलो, लग्न झालं, चिंचवडला फ्लॅट घेतला. गल्लीतून जावंच लागलं तर समोरच्या बाजूनं, मोबाइल कानाला लावून जायचो. फोन आलेला नसायचा.

आणि एचआरमध्ये माझ्याकडं काम काय आलं? कागदपत्रांची पडताळणी. खोटा अनुभव दाखवणारी पोरं शोधून काढायची. मी त्यात इतका तरबेज की विचारू नका! कंपनीचं तोंड कुणीकडं, गेटातून आत गेलं की डाव्या हाताला काय, हे प्रश्न मी विचारायचो. पोरं घामाघूम व्हायची. माझ्या खुर्चीमागं भिंतीवर एक चौकट आहे, बर्फाच्या डोंगराचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात 'सचोटी'. आमच्या हेड ऑफिसनं सगळ्या शाखांना पाठवलंय, डोंगर सगळ्यांना सारखाच आहे. एक बीडचा पोरगा, खोटा अनुभव सापडला म्हणून कामावरून काढलेला, जाता जाता म्हणाला, "सर, अनुभव घ्यायला आलो तर अनुभव मागता. मग आणू कुठून?" मी म्हणालो, "पॉलिसी आहे." तो गेला आणि मी चहा मागवला.

काकांना मी त्या वर्षांत एकदाच जवळून पाहिलं. आमच्या कंपनीनं गावातल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी एक शिबिर ठेवलं होतं. पिंपळे सौदागरहून एक प्रशिक्षक आणले, कानाला माइक, पायात पांढरे बूट. स्वतः काय धंदा करतात विचारलं तर कळलं, हाच. धंदा कसा करावा हे सांगण्याचा. ते छातीवर हात मारून म्हणाले, "मित्रांनो, धंदा डोक्यानं नाही, हृदयानं करा! स्वतःची मूल्यं जपा! सांगा, तुमच्या धंद्याचं मूल्य काय?" पहिल्या रांगेतून काका उठले. पायजम्यात इन केलेला शर्ट. मी झटकन प्रोजेक्टरच्या स्टँडमागं सरकलो.

"आमी गिऱ्हाईक परत पाठवतो," काका म्हणाले.

"वा! म्हणजे दर्जात तडजोड नाही! आणि मग गिऱ्हाईक दुप्पट विश्वासानं तुमच्याकडंच येतं, बरोबर?"

"छ्या. शेजारी जातंय."

हॉलमध्ये हशा पिकला. प्रशिक्षकांनी घाईघाईनं पुढची स्लाइड लावली. काका बसता बसता मागं वळून म्हणाले, "एक जन मातुर यायचा हाय. त्यानं शब्द दिलाय." कुणाला काही कळलं नाही. मी स्टँडमागं प्रोजेक्टरची वायर उगीच काढून पुन्हा लावली, आणि प्रशिक्षकांच्या मूल्यांवर अंधार पसरला.

काकांचा धंदा शेवटी बुडवला तो मात्र ना शेजाऱ्यानं, ना मोबाइलनं. तो बुडवला गणपतीनं.

झालं असं की भावाच्या मुलाचं लग्न ठरवायचं होतं. हा पुतण्या म्हणजे बुलेट, गॉगल आणि मित्रपरिवार. लग्नाचा बायोडेटा हवा, आणि घरचं शटर असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून भावानं काकांना सांगितलं, "दादा, जरा झ्याक करून दे." काकांनी झ्याक केला. वर सुंदर गणपती टाकला, बाजूनं वेलबुट्टी. आणि खाली लिहिलं: 'शेती: बारा एकर होती. आता तिथं कंपनी आहे. व्यवसाय: बिझनेस, कोणता ते विचारल्यास सांगता येत नाही. छंद: फ्लेक्सवर फोटो. न जमणाऱ्या गोष्टी: नऊच्या आत उठणे, थोरल्यांचं ऐकणे, एका जागी बसणे. स्वभाव: मनानं वाईट नाही.'

भावानं मोबाइलवर वरचा गणपती बघितला, हात जोडले आणि कागद एकदम चौदा ठिकाणी पाठवून दिला. खाली वाचायची काय गरज! आमच्या भागात बायोडेटा पाठवताना गणपती आहे का एवढंच बघतात. दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा घरांतून फोन. काही हसायला, काही भांडायला. एका मुलीच्या बापानं तर विचारलं म्हणे, की हा बायोडेटा ज्यांनी लिहिलाय त्यांच्या घरात कुणी लग्नाचा मुलगा आहे का, डोळे झाकून मुलगी देतो.

भाऊ खाली येऊन कडाडला, "दादा, घरच्याला बी सोडलं न्हाईस तू!"

"घरच्याचं म्हनून शेवटची वळ जादा लिवली," काका म्हणाले. "'मनानं वाईट नाही.' ती मी कुनाला लिवत न्हाई."

महिनाभरात शटर गेलं. तिथं आता मोमोज मिळतात. शेजारचा पाच मिनिटवालाही उठलाच, कारण आता मोबाइलला सांगितलं की तो पाच सेकंदांत बायोडेटा लिहून देतो, आणि त्याला शर्टाचं भोक दिसत नाही.

हे सगळं मला ऐकून माहीत. म्हटलं, चला, सुटलो. दुकानच नाही तर परत जायचं कुठं! इतकं हलकं वाटलं मला त्या दिवशी, सांगायला लाज वाटते.

आणि चार दिवसांमागं, मंगळवारी, गेटवर रजिस्टर लिहिणाऱ्याच्या जागेसाठी उमेदवार आले. माझ्या शेजारी आमची नवी सहकारी बसली होती, हुशार मुलगी, सहाच महिने झालेत लागून, प्रत्येक नियम तोंडपाठ. दार ढकलून काका आत आले. केस पांढरे, चष्म्याला तेच रबर. खुर्चीवर टेकण्याआधी त्यांनी ती हलवून बघितली, डुगडुगत नव्हती.

"नमस्कार साहेब," म्हणाले. मला. साहेब.

मी मान खाली घालून त्यांचा बायोडेटा हातात घेतला. एकच पान. 'मला काम पाहिजे. घरी कोणी वाट बघत नाही, पण वेळ जात नाही.' वय: एकोणसाठ.

माझी सहकारी हळूच म्हणाली, "काका, अठ्ठावन्नची मर्यादा आहे. ठेकेदार म्हणत होता, आधारवर नुसतं साल आहे तुमचं. तारीख वर्षअखेरची सांगितली तर अठ्ठावन्नात बसवता येईल."

"न्हाई बाय. जन्मलो तवा जन्मलो."

ती हसली आणि पुढं वाचू लागली, मोठ्यानं. "न जमणाऱ्या गोष्टी... अय्या, हे काय! भावाशी गोड बोलणे. मोबाइलवर टाइप करणे. जिना चढणे." मग ती थांबली. "आणि हे शेवटचं? 'एका पोरासाठी एकदा खोटं छापलं. पोरगं चांगलं निघालं का नाही, माहीत नाही.' काका, हे कशाला लिहिलं? हे वाचून कोण घेईल तुम्हाला?"

"रकाना हाय न्हवं. भराया लागतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावरचा डोंगर बघत होते. त्यांनी मला ओळखलं होतं, शिबिरातच ओळखलं असणार, आणि तरी ते काही बोलणार नव्हते. मी नुसतं "कळवतो" म्हणालो असतो तर ते उठून गेले असते, नमस्कार साहेब म्हणून. माझी नोकरी, माझा फ्लॅट, पोरीची शाळा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. खोटी माहिती देऊन लागलेल्याला काढून टाकतात, हा नियम मी स्वतः टाइप करून नोटीस बोर्डावर लावलेला आहे. बीडच्या त्या पोराला मी त्याच नियमानं बाहेर काढलं होतं.

मी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"ते पोरगं मी," म्हणालो.

सहकारीनं माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं, मग परत माझ्याकडं. काकांनी मात्र एक लांब श्वास सोडला, मांडीवरच्या कापडी पिशवीत हात घातला आणि प्लॅस्टिकची एक पिवळी पडलेली पिशवी काढली. आत तो कागद. दुसरी प्रत. शटर गेलं, कॉम्प्युटर गेला, पण हा कागद त्यांनी सांभाळून ठेवला होता.

"किती वर्सं लावलीस रं?" आता साहेब नव्हतो मी. बरं वाटलं ते ऐकून, खूप बरं वाटलं.

"चौदा."

"मी म्हनलेलो, एक." त्यांनी कागद टेबलावर पसरला, माझंच पेन उचललं आणि 'अनुभव: एक वर्ष' यावर एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं, 'नव्हता'. मग बोट खाली नेलं. "ह्यो रकाना कोरा हाय. बोल. न जमनारं काय?"

"खरं कबूल करणं," म्हणालो.

काकांनी पेन टेकवलं आणि उचललं. "ते तर आत्ता केलंस. खोटं कसं लिवू? दुसरं सांग."

मी विचार केला. चौदा वर्षांपूर्वी त्या खुर्चीत जे खरं उत्तर ओठावर आलं होतं आणि मी गिळलं होतं, ते अजून तिथंच होतं.

"काका, मला रात्रपाळीत झोप येते."

"हां!" काका म्हणाले, आणि सावकाश, एकेक अक्षर काढत त्यांनी ते लिहिलं. कागद माझ्याकडं सरकवला आणि उठले. जागा त्यांना मिळणार नव्हती, ते दोघांनाही माहीत होतं, वय एकोणसाठच होतं. दारात थांबून म्हणाले, "जेवलास का?"

"नाही काका."

"मग जेव."

ते गेले. सहकारी तो कागद हातात घेऊन तशीच बसली होती. नियम तोंडपाठ असलेली मुलगी, तिला काय करायचं ते माहीत होतं, पण हात पुढं होत नव्हता.

"सर," ती म्हणाली, "हा कागद... तुमच्या फाइलला लावू?"

"लाव," म्हणालो.